विनाकारण धावणारा माणूस

आमच्याकडे माणूस विनाकारण धावत नाही. गाडी सुटत असेल, कुत्रं मागे लागलं असेल, नाहीतर घरी काही विपरीत घडलं असेल, तरच धावतो. हे मला मॅरेथॉनची तयारी सुरू करण्याआधी सुचायला हवं होतं.

तयारी म्हणजे तरी काय? अंबरनाथच्या ज्या केमिकल कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो, तिथल्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी मुंबईच्या मॅरेथॉनचा विषय काढला आणि चहाच्या भरात सगळ्यांनी नावं दिली. माझी पाळी येईपर्यंत अर्ध्या मॅरेथॉनच्या जागा भरल्या होत्या. पूर्ण मात्र शिल्लक होती. शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं. मी म्हटलं, "टाक पूर्णला." हातात जेमतेम दोन महिने होते, आणि तोवर माझी धाव शाळेच्या लंगडीपलीकडे गेली नव्हती.

खरं कारण वेगळं होतं आणि ते कॅन्टीनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. दहावीच्या वर्षी मला टीबी झाला होता. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, डॉक्टर म्हणाले, बरा झालास, आता विसर. मी विसरलोही असतो, पण आई विसरेना. वडील आधीच गेलेले, त्यात हे दुखणं. मी तिशी ओलांडली तरी जरा खोकलो की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबायची. तिची धास्ती बघून बघून मलाही वाटायला लागलं होतं की आपलं डावं फुफ्फुस उसनं आणलेलं आहे, कधीही परत मागतील. लग्नाचा विषय मी त्याच भीतीने टाळायचो. एक्स-रेवर आमच्या घरात कुणाचा विश्वास उरला नव्हता. म्हटलं, धावून बघू. एकदाचा काय तो निकाल लागू दे.

बूट उल्हासनगरच्या बाजारातून आणले. सिंधी दुकानदार बोलण्यात पक्का. "साईं, ये जूता खुद भागेगा, आप बस पैर डालो." पंधरवड्यात त्याचा सोल माझ्या पुढे पळायला लागला. मोच्याकडून शिवून घेतला आणि तसाच वापरला.

आईला सांगितलं, फर्स्ट शिफ्ट लागली आहे, वर ओव्हरटाइमही आहे. खोटं होतं, पण खरं सांगितलं असतं तर तिने दारात आडवं पडायला कमी केलं नसतं. पहाटे कंपनीचा निळा शर्ट घालून आमच्या हेंद्रेपाड्यातून निघायचं, नदीचा पूल ओलांडायचा आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं. धावून झालं की परस्पर कंपनी गाठायची. भातं कापून झालेली, खाचरांवर धुकं, रस्ता मोकळा. सुरुवातीला दोन विजेच्या खांबांमध्ये माझा जीव जायचा. मग हळूहळू जायचा थांबला.

रस्ता मोकळा होता, पण माणसं मोकळी सोडतील तर ना. एक सायकलवाला उतरून उभाच राहिला. एक म्हातारी शेतातून ओरडली, "कुनाचं काय झाला रं?" आमच्या बिल्डिंगला दूध घालणारा दूधवाला धरणाकडच्याच गावचा. त्याने तर कॅनसकट मोटारसायकल वळवली.

"काय झाला दादा? कोनी गेला का? बसा मागं, सोडतो."

"कुणी नाही गेलं. असंच धावतोय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं. "असंच" हे काही उत्तर झालं का? चार-पाच वेळा त्याने मला असंच धावताना पाहिलं, आणि त्याच्या पोटात ते राहीना. एका सकाळी दूध मापता मापता त्याने आईला विचारलं, "मावशी, घरात काय झालाय का? तुमचा पोरगा रोज धरणाकडे धावत जातो."

पुढचं आईने मला नंतर सांगितलं. कंपनी अंबरनाथला आणि मुलगा उलट दिशेला, धरणाकडे, तेही धावत, रोज. म्हणजे दुखणं उलटलं, नोकरी सुटली आणि पोरगा जीव द्यायला जातोय, रोज हिंमत होत नाही म्हणून परत येतोय. एवढा हिशेब होईपर्यंत ती जिना उतरलीसुद्धा होती.

मी परतीच्या वाटेवर होतो. पुलावर समोरून एक बाई धावत येताना दिसली. पदर खोचलेला, एका पायात चप्पल. मीही शेवटी इथलाच. माझ्याही मनात पहिलं तेच आलं, अरे देवा, हिच्या घरी कोण गेलं? मग ओळख पटली. मागून दूधवाला बोंबलत येत होता, "मावशी, बसा तरी!"

आईने माझ्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरली. तिला बोलायचं होतं, पण श्वास पुरेना. मीच बोलत सुटलो. मॅरेथॉन, कॅन्टीन, फर्स्ट शिफ्ट, सगळं भडाभडा सांगून टाकलं. धरणापासून पळत आलो होतो आणि सलग बोलत होतो. धापा टाकत होती ती.

ते तिच्याही लक्षात आलं. कॉलर सुटली. ती पुलाच्या कठड्याला टेकली, बराच वेळ माझ्या छातीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुला दम नाही लागला?"

"नाही."

"मेल्या," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला इतकं हलकं वाटलं की मीही रडलो. दूधवाला बिचारा गाडी स्टँडवर लावून दुसरीकडे बघत उभा राहिला.

मॅरेथॉनचं फार सांगण्यासारखं नाही. अर्ध्यापर्यंत धावलो, पुढे चाललो, धावलो, पुन्हा चाललो. पाणीवाले टेबलं आवरायला लागले तेव्हा मी त्यांच्यासमोरून लंगडत गेलो. पोचलो मात्र. पाय गेले, कंबर गेली, पण छातीने एकदाही तक्रार केली नाही. तिथेच फुटपाथवर बसून मी पोटभर श्वास घेतला. कितीतरी वर्षांत असा निवांत घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पडलो होतो. दुपारी गॅसवाल्याने खालून हाक मारली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि वर चढवून द्यायला तो कधीच तयार नसायचा. इतकी वर्षं सिलिंडर आई आणि बहीण दोघी मिळून चढवायच्या. बहिणीचं लग्न झाल्यावर आई एकटीच एकेका पायरीवर टेकवत आणायची. मी हात लावायला गेलो की ओरडायची, "छातीवर जोर येईल, हो बाजूला." मी दारात उभा राहून बघायचो.

आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "जा रे, सिलिंडर वर घेऊन ये."

मांड्या दगड झाल्या होत्या. तरी उठलो. खाली गेलो, सिलिंडर खांद्यावर घेतला आणि प्रत्येक पायरीला कण्हत वर चढलो. आई एकदाही दारात आली नाही.