गरम कुंडातली रेंज

मूर्तिजापूरच्या आमच्या शाळेत स्टाफरूमच्या टेबलावर खडूची भुकटी साचते, तसे किस्से साचतात. मुद्दाम कुणी जमवत नाही आणि पुसायलाही कुणी उठत नाही. मे महिन्यातल्या आमच्या सहलीचे तर इतके साचलेत, की सहल दोनच दिवसांची होती हे खरं वाटत नाही. सहल ठरवली होती मी. त्यामुळे सगळे हसतात तेव्हा मी अजून वह्या तपासायला घेतो.

*

मुळात मे महिन्यात वऱ्हाडातून गरम पाण्याच्या झऱ्यावर कोण जातं? पण मास्तरांना सुट्टी तेव्हाच! मोर्शीच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी एक इको-फ्रेंडली हॉटेल आहे. मातीच्या खोल्या, सोलरचे दिवे, प्लास्टिक बंद आणि मागं कमरेएवढ्या गरम पाण्याचं कुंड.

मॅनेजर कौतुकानं म्हणाला, "सर, हे पाणी बारा महिने आपोआप गरम असतं."

आमचे पी.टी.चे इंगळे सर मूळ अकोल्याचे. त्यांनी बोट बुडवून पाहिलं. "आमच्या टाकीत याच्याहून गरम हाय," म्हणाले.

*

मी घरून हीटरचा रॉड नेला होता. झऱ्याचं पाणी ऐनवेळी कोमट निघालं तर हेडसरांच्या गुडघ्यांचं काय, ही मला काळजी. खोलीत शिरल्या शिरल्या बादलीत लावून पाहिला आणि अख्ख्या हॉटेलची सोलर लाइन बसली.

हेडसर रॉडकडे बघत राहिले. "काहून जी, समुद्रावर जाताना मिठाची पुडी नेता का तुमी?"

*

हसणं अर्धा तास टिकलं. इंगळे सर आमच्या शाळेतल्याच गवई मॅडमच्या मोबाइलवर कुंडात उभं राहून फोटो काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचे जावई सुमेध, नागपूरहून. मॅडमची मुलगी प्रज्ञा पहिलटकरीण, तारखेला अजून पंधरा दिवस होते. वेळ आहे म्हणूनच तर मी आग्रह करकरून मॅडमना आणलं होतं. बीपी एकदम वाढलं, ॲडमिट केलं, सिझर करताहेत, एवढं सांगून फोन कटला. परत लावला तर कुणी उचलेना.

मॅनेजर म्हणाला, "हॉटेलात रेंज फक्त इथंच, कुंडाच्या मधोमध. जरा हललात की गेली." मग तो स्वतः पँटसकट पाण्यात उतरला आणि हात उंच धरून, स्पीकरवर ओरडून मॅडमना नागपूरला न्यायला मोर्शीची जीप बोलावली. तिला यायला दोन तास होते. तोवर मोबाइल कुंडात धरून ठेवणं एवढंच आमच्या हातात होतं.

*

पाणी असं, की दहा मिनिटांवर उभं राहवेना. दुसरे कुणी असते तर आळीपाळीनं उभे राहिले असते. हेडसरांनी टाइमटेबल केलं! दहा मिनिटांचा तास. पहिला इंगळे, दुसरा मी, तिसरा ते स्वतः, पुन्हा इंगळे.

"माहा ऑफ पिरेड कुठी हाय?" इंगळे सरांनी विचारलं.

माझ्या तासाला बॅटरी अकरा टक्के होती. चार्जिंगची सोय माझ्याच रॉडनं घालवलेली. हात वर, डोक्यावर ओला टॉवेल, आणि मनात नाही नाही ते विचार. मला खरंच रडू येत होतं.

*

अमरावतीची एक बाई आंघोळीला आली. आमच्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "काही विधी हाय का हा?"

"हो," इंगळे सर म्हणाले. "हात खाली केला त फळ भेटत नाई."

तीही बिचारी हात वर करून उभी राहिली.

*

गवई मॅडम काठावरच्या दगडावर बसल्या होत्या. पिठलं-भाकरीचं ताट तसंच झाकलेलं. त्या रडत नव्हत्या, चष्मा पुसत होत्या. पुसलेलाच पुन्हा पुसत होत्या.

मी जवळ जाऊन म्हणालो, "मॅडम, मीच तुम्हाला इथं आणलं. सगळं माझ्यामुळं झालं."

"सर, तुमी लाइट घालवली," मॅडम म्हणाल्या. "बीपी नाई वाढवलं."

*

फोन आला तो हेडसरांच्या तासाला. सरांनी ऐकलं आणि आम्हाला सांगितलं, "मुलगी झाली. अडीच किलो. चांगली रडली म्हणे."

आम्ही पाण्यात उतरून टाळ्या वाजवल्या. अमरावतीच्या बाईनंही वाजवल्या. मॅडम मात्र नव्या साडीनिशी, चपलांसकट सरळ पाण्यात चालत आल्या. सरांच्या हातातून फोन घेऊन त्यांनी स्पीकर लावला.

"जवाईबापू, नातीचं ऐकलं मी. आता माह्या पोरीचं सांगा."

पलीकडून कसल्या तरी चाकांची खडखड आली. बॅटरी तीन टक्के. मी त्या आकड्याकडेच बघत होतो.

"बाहेर आणलं तिले आत्ताच," सुमेध म्हणाले. "देतो."

मग थोडी खरखर झाली आणि खूप बारीक, थकलेला आवाज आला. "आई, तू जेवली का?"

"जेवली ना बाई," मॅडम म्हणाल्या. "पोटभर जेवली."

आम्ही सगळे पाण्यात तसेच उभे होतो. इंगळे सर तोंड फिरवून डोंगराकडे बघायला लागले.