गाडीवाटेवरची शिकवणी

शक घेणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. मी कालव्यावर निरीक्षक होतो. कुणी पाळी नसताना पाणी फोडलं, कुणी चारीचं दार उचलून दगड लावून ठेवला, हे पकडायचं. शेतकऱ्याला विचारून काही कळत नसे; तो लेकराची शपथ घेऊन मोकळा व्हायचा. म्हणून मी विचारत नसे, पाय बघत असे. ज्याच्या पोटऱ्यांवर ओली माती, त्यानं पाणी घेतलं. आणि जो पाय स्वच्छ धुऊन समोर येतो, त्यानं तर नक्कीच घेतलं. ही नजर घरी जाताना कालव्याच्या काठावर ठेवून जाता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बायको अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती, तात्पुरत्या नेमणुकीवर. पेडगावच्या बाजूची गावं तिच्याकडं. त्यातली निम्मी डांबरी सडकेपासून आत, गाडीवाटेनं जायची. ती नामांतराच्या गडबडीची वर्षं होती. आज बंद, उद्या दगडफेक, परवा नुसती अफवा, आणि एसटी डेपोतच उभी. हिच्या भेटी राहून जायच्या. तिच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की संक्रांतीपर्यंत आतल्या गावांना नियमानं जाणं झालं तर नेमणूक पुढं चालू, नाहीतर गावं दुसरीला.

एका संध्याकाळी ज्वारी पाखडता पाखडता ती म्हणाली, "मला फटफटी शिकवा."

"हे कुणी घातलं डोक्यात?" हे माझं पहिलं वाक्य. दुसऱ्या कुणी नवऱ्यानं हसून घेतलं असतं, नाहीतर नाही म्हटलं असतं. मी विचारलं ते हे.

"डोकं माझं हाय की. दुसरं कोण कशाला घालंल?"

मला वाटलं, घातलं कुणी ते मला ठाऊक आहे. तिच्याबरोबरच लागलेली एक पर्यवेक्षिका होती, पोखर्णीच्या बाजूची गावं बघायची. बौद्धवाड्यातली, शिकलेली, तोंडाची फटकळ. पुरुषी सायकलवर फिरायची. आमच्याकडं चहाला यायची. माझ्या आईनं तिच्यासाठी खिडकीत वेगळा कप ठेवला होता. तो बायकोच्या हातून फुटला. आईनं दुसरा ठेवला, तोही फुटला. आई म्हणाली, "हिच्या हाताला भोकं पडल्यात का काय?" त्यानंतर वेगळा कप राहिला नाही. मी यात एक अक्षर बोललो नाही. दोन्हीकडून गप्प राहिलं की माणूस चांगला ठरतो असा माझा समज होता.

शिकवायला मात्र लागलो. आधी कालव्याच्या भरावावर, मुरमाच्या रस्त्यावर. माझी जुनी पँट आत, वरून लुगडं खोचलेलं, पदराची कमरेला गाठ. मी मागं बसायचो.

"चाकाकडं बघू नको. लांब बघ. चाकाकडं बघितलं की गाडी तिथंच जाते."

"तुमी माझ्या कानात ओरडू नका, मग बघते लांब."

भराव जमल्यावर गाडीवाटेला उतरलो. पावसाळ्यात बैलगाड्यांनी काळ्या रानात खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, आणि दिवाळीनंतर त्या वाळून दगडासारख्या होतात. मधे गवताचा उंचवटा. नवा माणूस चाकोरीतून तिरपा बाहेर पडायला जातो, पुढचं चाक कडेला घासतं आणि गाडी आडवी होते. "बाहेर पडायचं असलं तर आधी वेग कमी, मग हँडल एकदम आडवं आणि थोडी रेस," मी सांगायचो. "भीत भीत निघालीस की पडलीस."

एका रविवारी ती मैत्रीण बांधावर बसून बघत होती. माझी आरडाओरड ऐकून म्हणाली, "भाऊजी, तुमी शिकवायलात का म्हैस हाकायलात?"

"म्हैस ऐकती तरी," मी म्हणालो.

"मग म्हशीलाच द्या की नेमणूक," गाडीवरून बायको ओरडली, आणि त्या दोघी इतक्या हसल्या की गाडी बंद पडली. मीही हसलो. पण मनात नोंद झाली, की या दोघी माझ्यावर हसतात.

त्याच दिवशी मी तिला दोन अटी घातल्या. एकटी असताना पडलीस, की त्या दिवसापासून गाडी बंद. आणि ओढ्यातून गाडी पलीकडं काढता आली, की मग तू शिकलीस असं मी मानीन. पेडगावच्या आतल्या गावांना जायला वाटेत ओढा होताच. माझ्यासोबत दोनदा तिनं प्रयत्न केला, दोन्ही वेळा पाण्यात चाक शिरलं की ती पाय टेकवायची आणि इंजिन बंद पडायचं. मागं मी बसलेलोच.

पौष लागला. तिच्या साहेबांनी मला कचेरीच्या व्हरांड्यात गाठलं. "तुम्हीच खरं सांगा बुवा. बाईमाणूस, आडरान. काही झालं तर माझ्या अंगावर येईल. जमतं का त्यांना? तुम्ही हो म्हणालात तर गावं त्यांच्याकडंच ठेवतो."

"बघून सांगतो," मी म्हणालो. तिची नोकरी माझ्या एका शब्दावर आली होती, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडलं होतं.

त्यानंतर गाडी धुऊन येऊ लागली.

माझ्या कामाला सकाळी सायकलनंही भागायचं, म्हणून ती लवकर गाडी घेऊन निघायची आणि दुपारपर्यंत परतायची. आधी गाडी मातीनं भरलेली असायची. आता टाकी पुसलेली, चाकं धुतलेली. पर्यवेक्षिकेला गाडी धुवायला वेळ कुठून मिळतो? आईलाही तेच वाटलं. "लय टापटीप आली बाई अचानक," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. नाक्यावरचा चहावाला त्याच सुमारास बोलून गेला, "साहेब, वहिनीसाहेबांची ड्यूटी आता पोखर्णीकडं लागली काय? परवा दिसल्या." तिची गावं पेडगावला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या अंगाला.

मी घरी येऊन पायदानाच्या स्प्रिंगमधे खिळा घालून माती काढली. काळी नव्हती. पांढरट, पिठासारखी. चोपण. जिथं कालव्याचा पाझर रानात मुरतो आणि जमीन खारावते, तिथलीच असते ती. पोखर्णीच्या बाजूला एका ओढ्याच्या काठानं असा पट्टा होता, माझ्याच हद्दीत. तो मातीचा खडा मी कागदात गुंडाळून खिशात टाकला. तिला विचारता आलं असतं. ती आत भाकरी थापत होती. पण विचारलं की माणूस काहीतरी उत्तर देतं, आणि मला उत्तर नको होतं. मला चोराला धरतात तसं, पाणी चालू असताना चारीच्या दारावर धरायचं होतं.

काय काय मनात आलं ते सगळं लिहिणार नाही. तिथल्या एका शाळेच्या मास्तरापासून ते त्या मैत्रिणीच्या भावापर्यंत सगळे येऊन गेले. भाऊ मोर्च्यांमधे पुढं असायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ती अंघोळीला गेल्यावर, मी टाकीतलं पेट्रोल नळी लावून बाटलीत काढलं. जेमतेम पोखर्णीच्या वाटेला लागेल एवढं ठेवलं आणि कॉक रिझर्वला फिरवून ठेवला. टाकी आटत आली की कॉक रिझर्वला करायचा आणि तेवढ्यात घर गाठायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. म्हणजे गाडी थांबली की ती कॉककडं हात नेणार, तो आधीच फिरलेला असणार, आणि ती जिथं जाते तिथंच अडकणार. मग मी पोचणार. सगळं डोक्यात पक्कं मांडलं होतं. ती चहा पिऊन निघाली तेव्हा मी म्हणालो, "जपून जा." हेही म्हणालो.

मी सायकलवर कालव्याच्या काठानं गेलो. ओढ्याजवळ पोचलो तेव्हा फटफटीचा आवाज येत होता. सायकल तुरीत आडवी केली आणि ओढ्यावरून कालवा जातो त्या पुलाच्या भिंतीआड मी बसलो.

ती एकटी होती.

अलीकडच्या काठावरून गाडी पाण्यात घातली, मधल्या गोट्यांवर चाक सरकलं आणि ती गाडीसकट पडली. उठली. सीटला पाठ लावली, गुडघ्यांतून जोर देऊन मागं मागं सरकत गाडी उभी केली. लुगडं पिळलं. काठावर नेऊन किक मारली, पुन्हा आत. पुन्हा पडली. तिच्या तोंडातून माझ्या नावानं एक शिवी गेली, ती मी नीट ऐकली. तिसऱ्या वेळेला ती पायदानांवर थोडी उभी राहिली, रेस न सोडता, नजर समोरच्या बाभळीवर, आणि गाडी पाणी उडवत पलीकडच्या चोपणावर चढली. तिनं गाडी थांबवली. रानात कुणी नव्हतं. ती एकटीच टाळ्या वाजवून हसली.

मी बाहेर यायला हवं होतं. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते आता सांगतो: हिला गाडी अशी पाठीनं उचलायला कुणी शिकवलं? मी शिकवलं नव्हतं. पडायचंच नाही म्हटल्यावर उचलायला कशाला शिकवीन? ती पडत पडत शिकली असेल, हे समोर दिसत असूनही डोक्यात शिरलं नाही.

मग ती परत यायला वळली, आणि ऐन मधे, नीट चालवत असताना, इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. पाण्यात दोन्ही पाय रोवून तिनं गाडी पेलली. हात कॉककडं गेला. बोटांनी चाचपलं, मग वाकून बघितलं. इकडं तिकडं बघितलं. तेव्हा मी उठलो.

"तुमी? तुमी इथं कसं?"

"पाळी बघायला आलतो. तू इथं कशी?"

ती गाडी धरून तशीच उभी होती. "सरावाला. आपल्या बाजूला केलं असतं तर पडल्याली बातमी माझ्याआधी घरी आली असती. तुमची अट हाय ना, पडली की गाडी बंद. म्हणून धुऊन आणायले रोज." ती खाली बघून म्हणाली, "हा ओढा तिनं दाखवला. तिच्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाई." तिच्या कोपराखाली जुने-नवे ओरखडे होते. रोज जेवायला वाढताना तो हात माझ्यासमोरून जात होता.

"पेट्रोल संपलं वो. आन् कॉक रिझर्वलाच हाय. काल तर होतं की पेट्रोल."

"काल होतं म्हणून आज असतंय का? बघून निघायचं असतं."

तिनं मान हलवली. "चुकलंच माझं."

तेवढंच. मी पाण्यात उतरून गाडी ढकलू लागलो. काठावर येईपर्यंत खरं सांगता आलं असतं. पुढं सडकेपर्यंत ढकलत नेताना सांगता आलं असतं. ती मात्र सारखं म्हणत होती, "पण गेली ना पलीकडं? बघितलं का तुमी? बघितलं?"

"शेवटचं तेवढं बघितलं," मी म्हणालो. "बंद पडताना."

साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "अजून कच्ची आहे. परवाच पेट्रोल न बघता निघाली आणि ओढ्यात अडकली." यात शब्द एकही खोटा नव्हता. का म्हणालो? तिचा काही गुन्हा सापडला नव्हता, आणि त्यामुळं माझा शक कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं. एवढंच प्रामाणिक उत्तर आज माझ्याकडं आहे.

संक्रांतीनंतर तिला कळलं की ती ओढ्यात अडकली या कारणावरून तिची गावं त्या मैत्रिणीकडं जोडली. दुपारी ती ज्वारी पाखडायला बसली. मग म्हणाली, "साहेबांना ओढ्याचं कुणी सांगितलं असंल वो?"

"मला काय ठाऊक?"

"तुमी तर सांगणार न्हाई." तिनं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही, इतकी तिला खात्री. "तिलाच ठाऊक होतं. गावंबी तिलाच मिळाली."

आई आतून म्हणाली, "मी म्हणत नव्हते? जात ती जातच." ज्या बाईनं त्या घरात दोन कप फोडले होते, ती यावर काही बोलली नाही. मीही बोललो नाही. त्या वर्षांत असा शक कुणाच्याही अंगावर टाकला की चिकटायचा, विशेषतः तिकडच्या माणसाच्या.

चार दिवसांनी मैत्रीण आली. सायकल ओसरीला टेकवली. बायको आतल्या खोलीतून मला हळू म्हणाली, "सांगा, झोपली म्हणून."

मी दारात गेलो. "झोपलीय."

"आता? ऊन डोक्यावर हाय की, भाऊजी."

"डोकं दुखायलंय तिचं."

फटकळ बाई, पण त्या दिवशी तिनं आवाज चढवला नाही. "रागावली का माझ्यावर? बरं, असू द्या. उठली की तेवढं सांगा, तिची गावं मी घेणार न्हाई म्हणून साहेबाला सांगून आले. तुझी मैत्रीण स्वतः येऊन बोलू दे, म्हणालेत ते, मग बघू. संक्रांतीच्या आधी दोनदा ओढा पार करताना म्या स्वतः बघितलंय तिला, हेबी सांगितलं. तिला उद्याच्या उद्या पाठवा."

"सांगतो," मी म्हणालो.

ती सायकलवर बसून गेली. मी दाराची कडी लावून आत आलो.

"काय म्हणत होती?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "सहज आली होती."