छपरीतली पोती

वडशात किरायेदाराला कुणी तोंडानं 'खोली खाली करा' म्हणत नाही. निदान आमच्या गल्लीत तरी मी कधी ऐकलं नाही. नळाच्या पाण्यावरून भांडणं होतील, दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलणार नाहीत, पण 'निघा' हा शब्द कुणाच्या जिभेवर येणार नाही. त्यासाठी आमच्याकडे धानाची पोती आहेत. दिवाळीनंतर धान चुरून, म्हणजे मळणी होऊन, घरी आलं, की घरमालक चार-सहा पोती किरायेदाराच्या छपरीत, म्हणजे त्याच्या दारापुढच्या पत्र्याखाली, आणून टाकतो. 'घरात जागा नाई जी, राहू द्या इथीच,' एवढंच म्हणतो. किरायेदार समजून जातो. काही दिवसांत दुसरी खोली पाहतो, जाताना चहा पिऊन जातो, आणि पुढं बाजारात गाठ पडली तर दोघंही हसून बोलतात. कुणालाच वाईटपणा घ्यावा लागत नाही.

मला स्वतःला ही रीत कधीच आवडली नाही. मी तोंडाची फाटकी बाई. जे आहे ते समोर बोलून मोकळी होते, म्हणून सासरी माझं नाव 'फटाका' पडलं होतं. नवरा गेल्यावर घराच्या मागच्या दोन खोल्या मी किरायानं देऊ लागले. बारमाही किरायेदाराची आमच्या गावात कुणाला फारशी हौस नाही. कारण सीझन. दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या धान-जंगलाच्या मुलखातल्या, नाटक मंडळ्या वडशात उतरतात, होळीपर्यंत खेडोपाडी रात्रभर नाटकं होतात, आणि तेवढे महिने कलावंतांना राहायला खोल्या लागतात. मंडळीवाला येतो, सगळा सीझन एकदम बोलून जातो. होळीनंतर खोल्या झाडून कुलूप लावायचं. घरमालकाला ना कटकट, ना काळजी.

माझ्याकडे असंच एक जोडपं बरीच वर्षं सीझनपुरतं यायचं. बाई नाटकात आईची कामं करायची आणि तिचा नवरा ऑर्गन वाजवायचा. ती स्टेजवर रडली की पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. तीच बाई सकाळी परत आली की कंबर कसून माझ्याशी भांडायची, पाण्याची मोटार काऊन नाई लावली म्हणून. आमची दोघींची जोडी तेव्हापासून जमली. तिचा नवरा मात्र मवाळ. मी त्यांना भाऊ म्हणायची. दुपारी ते ऑर्गन पुसत बसायचे आणि आमच्या चुलीवरच्या वासावरून आज भाजी कोणती ते ओळखायचे.

एका वर्षी भाऊंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्या सीझनला ती त्यांना घेऊनच आली. स्वतः नाटकाला जायची तेव्हा मी त्यांच्याजवळ बसायची. होळी झाली, मंडळ्या पांगल्या, आणि एका दुपारी बाई किल्ली द्यायला आली ती माझ्यासमोर बसूनच राहिली.

"बाई, मले बारमाही खोली पाहिजे," ती म्हणाली. "सीझन झाला की याईले घेऊन मी कुठी फिरू? मागच्या पावसाळ्यात तीन ठिकाणी बिऱ्हाड हलवलं. वरच्या मजल्यावर चढवता येत नाई, संडास दूर असला तं जमत नाई. खालची खोली शोधाले महिनेच्या महिने जाते. म्हणून कागद करा जी. काढाचं असन तं तीन महिने आधी सांगाल, असं त्याच्यात लिवा."

"काऊन वं? माह्यावर भरोसा नाई का?" मी भडकलेच.

"तुमच्यावर आहे. पन उद्या तुमचा लेक येईन, सून येईन. त्याईले मी काय सांगू?"

तिचं खरं होतं. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. हो म्हणायला लावलं ते माझ्या भासऱ्यांनी. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, शेजारीच राहतात. त्यांना बातमी लागली तशी ते आले आणि उभ्यानंच म्हणाले, "डोकं फिरलं का तुहं? एक महिना ठीक आहे. तीन महिने लिवून देशीन तं खोली गेली म्हनून समज. तो मानूस तं उठूही शकत नाई. उद्या तुले खोली लागली तं कशी काढशीन त्याले?"

आता भासरे काही वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या तीन खोल्यांत एक किरायेदार होता. पोती टाकून झाली, लग्नाची तारीख कानावर घालून झाली, हात जोडून झाले. तो 'उद्या जातो, परवा जातो' करत राहिला, आणि व्याही मंडळींना शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर झोपवावं लागलं. विहिणीनं ती गोष्ट मुलीला वर्षानुवर्षं ऐकवली. तेव्हापासून त्यांनी खोल्यांना कुलूप घातलं ते घातलंच. मला हे सगळं माहीत होतं. पण 'डोकं फिरलं का' म्हटल्यावर माझं डोकं खरंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी तहसीलजवळ बसणाऱ्या दस्तलेखकाकडून करारनामा लिहून घेतला आणि सही ठोकून आले.

वडसा केवढं! संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत. त्यातच कुणाच्या तरी मोबाइलवर आलं, की आता कायदाच बदलणार, किरायेदाराला महिनोन्‌महिने आधी सांगितल्याशिवाय काढता येणार नाही. खरं की खोटं कुणी विचारलं नाही. मला मात्र रोज कुणी ना कुणी विचारायचं, "तुमी लिवून देल्लं म्हनते?" जशी काही मी जमीनच लिहून दिली होती. आणि हळूहळू आमच्या गल्लीतली कुलपं वाढली. कोपऱ्यावरच्या घरानं दोन खोल्यांत सरपण भरलं. एकानं पोरांना क्लासला म्हणून दिल्या होत्या त्याही काढून घेतल्या. नव्यानं बदलून आलेली बँकेतली मुलगी दारोदार फिरून थकली आणि लॉजवर राहिली. दोन मास्तर आरमोरीहून येणं-जाणं करू लागले. खोल्या होत्या, माणसं होती, पण मधे कुलूप. मी भल्यासाठी केलेला कागद दुसऱ्यांना असा नडेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मलाही तो कागद फुकट पडला असं नाही. दिवाळीच्या आधी मंडळीवाला आला, भाऊंचं बिऱ्हाड होतं त्याच मागच्या दोन्ही खोल्या सगळ्या सीझनसाठी जास्त पैशानं मागू लागला. मी नाही म्हटलं. तो जाताना वळून वळून पाहत होता. रात्री जेवताना मला घास गोड लागला नाही, हेही खरंच सांगते. एकट्या बाईचं घर, त्या सीझनच्या भरवशावर मी वर्षभराचं ठरवायची. पण सकाळी मागं गेले, तर भाऊ छपरीत खुर्चीवर बसले होते. बायको त्यांची दाढी करत होती आणि ते डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. साबणाचा फेस नाकाला लागला होता आणि ती त्यांच्यावर ओरडत होती, "हला नोका, हला नोका." मला एवढं बरं वाटलं त्या दोघांना पाहून! त्या घरात माणसांचा आवाज होता. जाऊ दे तो सीझन, म्हटलं.

धान चुरून झालं त्या दिवशी आभाळ भरून आलं. ट्रॅक्टर दारात उभा, पोती उघडी, आणि थेंब पडायला लागले. मजुरांनी विचारलं, कुठी टाकू? मी म्हटलं, जिथं पत्रा दिसते तिथं टाका. सगळ्यात जवळचा पत्रा मागच्या छपरीचा. टाकली पोती. बाई रात्रीचं नाटक करून आली होती, पुढचा आठवडा तिला नाटक नव्हतं, आणि दोघंही आत झोपले होते. मला पोत्यांचा दुसरा अर्थ आठवलासुद्धा नाही. का आठवावा? कागद झाला होता ना! आता पोतं म्हणजे नुसतं पोतं, असं मी धरून चालले होते. ट्रॅक्टर परत जात होता, त्याच्यावरच बसून मी आरमोरीला बहिणीकडे गेले. तिकडच्या बांधीतलं, म्हणजे शेतातलं, धान अजून चुरायचं होतं.

आठवड्याभरानं सकाळच्या बसनं परतले. गल्लीच्या तोंडाशीच भासरे भेटले. चेहरा खुशीत. म्हणाले, "बरं केलं वो. येवढ्या लवकर जमवशीन वाटलं नोयतं."

"काय जमवलं?"

"पोते टाकले ना छपरीत. तुही किरायेदारीन खोली शोधून राह्यली होती. माह्याकडं आली, कोपऱ्यावर गेली, सारी गल्ली पाह्यली तिनं. मी म्हटलं, बाई, तुले तं तीन महिन्याचा कागद लागते. कागदवाल्याले आमच्याकडं जागा नाई. साऱ्याईनं तेच सांगतलं."

माझ्या हातातली पिशवी खालीच पडली. म्हणजे ज्या कागदानं तिला माझ्या घरात ठेवायचं होतं, त्याच कागदानं गल्लीतलं एकेक दार तिच्या तोंडावर लागलं होतं. आणि ती निघाली होती माझ्या पोत्यांमुळे. मी तशीच पळत सुटले. या वयात, या गुडघ्यांनी, पदर कुठं, पिशवी कुठं!

मागच्या दारापुढं ऑटो उभा होता. ऑर्गन, ट्रंक, गादी, सगळं चढवून झालेलं. पोत्यांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट होती. त्या वाटेवर ऑटोवाल्यानं भाऊंना काखेत धरलं होतं आणि बाई त्यांचा डावा हात ओढत होती. भाऊंनी त्या हातानं दाराची चौकट पकडली होती. बोटं पांढरी पडली होती. तोंडातून नुसता 'आं, आं' आवाज येत होता. बाई रडत होती आणि बोटं एकेक करून सोडवायला पाहत होती. "सोडा ना जी. लोकाचं घर आहे. असं नाई करत."

"हात सोड त्याईचा!" मी एवढ्यानं ओरडले की ऑटोवाला दचकला. "कुठी नेऊन राह्यली?"

"भावाच्या गावाले," ती मान खाली घालून म्हणाली. "गोठ्याच्या बाजूनं एक खोली आहे म्हनते. होईन कसंतरी."

"अन् कागद? तीन महिने लिवले होते ना? माह्या तोंडावर काऊन नाई मारला तो कागद?"

"कागद दाखवून कोनाच्या घरात राहाचं का बाई?" ती म्हणाली. "तुमी पोते टाकले. म्हटलं, काही नड असन तुमाले. तोंडानं सांगाले जड गेलं असन. तुमी यायच्या आत निघून जाव, म्हंजे तुमाले लाजाले नोको."

माय वं! मला रडावं की तिला एक ठेवून द्यावी तेच कळेना. तिचे खांदे धरून मी तिला गदागदा हलवलं. "पानी येऊन राह्यलं होतं म्हनून टाकले ते पोते! पान्यानं! मी फटाका आहे ना, तुले माहीत नाई का? मले काढाचं असतं तं मी पोते टाकले असते का? बोंबलून सांगतलं असतं!" ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागली. स्टेजवरचं रडणं मी शंभरदा ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. हे ऐकवत नव्हतं.

मागून भासरे आले होते. माझी पिशवी त्यांच्या हातात. पोत्यांपर्यंत आले. म्हणाले, "पोते माह्या खोल्याईत टाक. खालीच आहे त्या."

"पोत्याईले देता," मी म्हटलं, "अन् मानसाईले?"

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली, धोतर खोचलं, आणि एक पोतं स्वतःच ओढायला लागले. त्या वयात. मी नाही म्हटलं नाही. ऑटोवाल्यानं कुरकुरत ट्रंक उतरवली, मग गादी, मग आम्ही तिघांनी मिळून ऑर्गन आत नेला. बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ऑटोवाल्यासाठी चहा ठेवायला आत गेली, कारण तोही आता ओळखीचा झाला होता.

भाऊ अजून तिथंच होते, दारात, भिंतीला टेकून. मी त्यांना सगळं सांगितलं, की कुठं जायचं नाही, झालं गेलं ते सगळं चुकीचं झालं. त्यांचे डोळे माझ्याकडे होते, त्यांना कळत होतं. ऑटोवाल्याचा चहा झाला, ऑटो सुरू झाला, गल्लीतून वळला, त्याचा आवाज रेल्वे फाटकाकडे जाऊन विरला. तरी त्यांनी चौकट सोडली नव्हती. बाई आतून म्हणाली, "आता तं सोडा जी." मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला.

"नोका सोडू भाऊ," मी म्हटलं. "धरून ठेवा."