आज वरात पायी निघाली

मित्रहो, आज दुपारी बोनकोड्यात मी माझ्याच भाच्याची वरात अडवली. नातेवाइकांच्या ग्रुपवर माझी निंदा सुरू झालीच आहे. म्हणून माझी बाजू इथे जाहीरपणे मांडते.

भाच्यासाठी सजवून आणलेला घोडा पुढचा उजवा पाय जमिनीवर नीट टेकवत नव्हता. झूल बाजूला करून पाहिले, तर गुडघ्याखालचा भाग सुजलेला होता. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. वेदना ओळखण्यासाठी रुग्णाने बोलण्याची मला गरज नसते.

"रेसचा घोडा हाय मॅडम," घोडेवाला म्हणाला. "पाय गेला तसा त्याच्या मालकांनी त्याला काढून टाकला. मी घेतला नसता तर कुनी ठेवला असता?"

त्याचे म्हणणे खरे होते. तरीही मी लगाम सोडला नाही.

"ताई, मुहूर्त टळेल गं!" धाकटी बहीण कळवळली.

"मुहूर्ताला नवरदेव लागतो, घोडा नाही."

"ताईंना सगळीकडे ऑपरेशन थिएटरच दिसतं," तिचे यजमान पुटपुटले.

भाचा मात्र हसला. "मावशी, मी चालतो. पण आता पुढे नाचायचं तू!"

घोडेवाल्याची बिदागी देऊन मी घोडा परत पाठवला. उद्या पशुवैद्याला घेऊन त्याच्या तबेल्यात जाणार आहे.

आणि या घोड्याने जिंकलेले करंडक दिवाणखान्यात मांडणाऱ्यांनो, तो धावायचा थांबला त्या दिवशी तुमची जबाबदारी कशी काय संपली? पुढच्या वरातीतही मी लगाम धरीन. मित्रहो, तुमच्या घरच्या वरातीत कोण धरणार आहे?