मागची चौकट उतरवताना

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा गाडी खाली शेडमध्ये लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली, सायलेन्सर उतरवून बाजूला ठेवलेला. बाकीचं पुढच्या रविवारी करू म्हणून तो हात धुऊन वर जेवायला आला होता. जेवताना हातातला घास ताटात पडला. मला वाटलं, दमलाय. मग तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. त्यातला एकही शब्द मराठीत नव्हता. कुठल्याच भाषेत नव्हता.

परळच्या हॉस्पिटलातून घरी आणलं तोवर पाय बऱ्यापैकी चालायला लागला होता, काठी घेऊन. उजवा हात मात्र नुसता खांद्याला लटकलेला. बोलणं परत आलं, पण शब्दांची अदलाबदल व्हायची. चहा हवा असला की पंखा म्हणायचा. 'वर'ला 'खाली' म्हणायचा, 'उघड'ला 'बंद'. डोक्यात बरोबर असायचं आणि तोंडातून दुसरंच निघायचं. कधी कधी बरोबरही निघायचं, आणि त्याचाच जास्त त्रास. नेहमी उलटंच आलं असतं तर मी सवय करून घेतली असती.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता रोज दुपारी झोपायचं, एवढा एकच बेत केला होता. त्याऐवजी त्याची अंघोळ, शर्टाची बाही, गोळ्या, टॅक्सीने परळ, व्यायाम, परत टॅक्सी. बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रं दाखवायच्या. कुलूप. छत्री. केळं. तो तोंड फिरवून बसायचा. "त्यांना बोलतं ठेवा," बाई मला म्हणायच्या. कशावर बोलतं ठेवू? घरात आम्ही दोघं. लग्न झाल्यापासून त्याचं बोलणं एकतर यंत्रांवर नाहीतर आमटीवर.

गाडीचं सांगते. नवरा गिरगावातल्या एका छापखान्यात मशीन दुरुस्त करायचा. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाच्या मुलाने आवारात पडलेली ही गाडी त्याला देऊन टाकली. परदेशी बनावटीची, दोनच सीटांची, छप्पर मागे दुमडणारी, जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. मी लालबागच्या चाळीत वाढलेली. असल्या गाडीत बसणारी माणसं मी लांबून पाहिलेली. दादरला आमच्या इमारतीच्या मागे तळमजल्यावरच्या आंटींची पत्र्याची शेड होती. त्यांचे मिस्टर होते तोवर त्यांची गाडी तिथे असायची. ते गेल्यावर आंटींनी शेड आम्हाला वापरायला दिली. बरीच वर्षं नवऱ्याचे रविवार तिथे गेले. मी पाने-पकडी हातात देत राहिले, कारण नाहीतर रविवारी बोलायला कोणीच नसायचं.

गाडीच्या मागच्या पोटाखाली एक लोखंडी चौकट असते. तिला सबफ्रेम म्हणतात. मागची चाकं तिच्या आधारावर, आणि तिच्याच मधोमध डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांना वाटून देणारा जड लोखंडी डबा. आमची चौकट गंजून एका कोपऱ्यात भोक पडलं होतं आणि डबा चालताना रडायचा. नवऱ्याने भंगार बाजारात हिंडून दोन्हींची बदली मिळवली होती. ती शेडमध्ये गोणपाटाखाली पडून होती. जुनी उतरवायची आणि ही चढवायची, एवढंच राहिलं होतं.

मग सोसायटीने ठरवलं की मागच्या बाजूला पाण्याची नवी टाकी बसवायची. आंटी स्वतः वर सांगायला आल्या. "बाय, शेड मोकळी करून पायजे म्हणतात. मी सांगितलं, त्यांच्या घरात आजारपण आहे. थांबतील थोडे दिवस. पण थांबून थांबून किती थांबणार?"

लालबागच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. तो टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला आणि तसाच मागे आला. "नवीन बसवून देतो मॅडम. पण काढायचं काम माझ्याच्याने नाही. गंजलेला बोल्ट आत तुटला तर तुम्ही मला धरणार." माझ्या माहेरच्यांनी सांगितलं, भंगारात दे. मी नवऱ्याला विचारलं, "देऊया का भंगारात?" तो "हो" म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. म्हणजे नाही.

एका रविवारी सकाळी मी त्याची जुनी पँट चढवली, नाडी बांधली, आणि म्हटलं, "चला खाली. तुम्ही सांगा, मी करते." उत्साह वगैरे काही नव्हता. ते गाडीचं धूड तसंच अर्धवट बघत राहायचं, आणि त्याने खिडकीतून ते बघत बसायचं, याचा मला वीट आला होता.

तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसला, डाव्या हातात टॉर्च. मी चटई टाकून गाडीखाली सरकले. आधी डब्यातलं तेल काढायचं होतं. ते इतकं कुजकं निघालं, सडलेल्या अंड्यासारखं, की मला तिथेच उलटी आली असती. इंजिनाकडून येणारा लांब दांडा सोडवायचा होता. त्याच्या आधी दांड्यावर आणि डब्यावर खडूने एक रेघ मारायची, म्हणजे परत जोडताना तसाच बसतो. ते मी त्याच्या सांगण्याशिवाय केलं, कारण इतकी वर्षं बघितलं होतं. बाहेरून तो म्हणाला, "शाब्बास." हा शब्द कधीच चुकायचा नाही.

बाकीचे चुकायचे. हातवारे करून दाखवा म्हटलं, तर गाडीखालून मला त्याचे फक्त पाय दिसायचे. "घट्ट कर," म्हणजे ढिला. "डावीकडे," म्हणजे बहुतेक उजवीकडे. मी उलटं धरून चालायला लागले आणि पुष्कळदा ते बरोबर निघालं. ब्रेक सोडवून तारेने वर बांधले. हॅन्डब्रेकची केबल काढली. चौकट गाडीला धरून ठेवणाऱ्या चार मोठ्या बोल्टांवर गंज सुटायचं तेल मारून ठेवलं आणि आम्ही रोज संध्याकाळी खाली उतरून परत मारू लागलो. दुसऱ्या कुठल्याही घरात या वेळेला म्हातारी माणसं फिरायला जातात.

पुढच्या रविवारी पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाईप चढवला, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि ओढलं. पहिला बोल्ट किंचाळून सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला दुपार झाली. तोवर मला पाठ उरली नव्हती. डब्याखाली जॅक लावून चौकटीचं वजन पेलून धरलेलं होतं, आणि जॅकच्या दांड्याशी कोणीतरी हवं म्हणून आंटी येऊन बसल्या होत्या, गाऊनवर एप्रन बांधून. त्यांनी विचारलं, "हे आजच करायचं?" मी म्हटलं, "आज नाही झालं तर मी परत खाली येणार नाही."

चौथा बोल्ट फिरत होता, पण निघत नव्हता.

"वर," नवरा म्हणाला.

मी म्हटलं, "आंटी, थोडा खाली सोडा."

"वर! वर!" त्याने टॉर्च मांडीवर ठेवून काठी फरशीवर आपटली.

"बाय, तो वर बोलतोय."

"तो वर बोलतो तेव्हा खाली असतं."

"मग खाली सोडू?"

"नको! थांबा." मी सरकून बाहेर आले. केसांत गंज, तोंडात गंज. त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलले. "मला तुमचं काही कळत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मी तुमच्या प्रत्येक शब्दाचा उलटा अर्थ लावते. मला आता अर्थ लावायचा नाही. मी दमलेय हो."

आंटी दुसरीकडे बघायला लागल्या. नवऱ्याने काठी बाजूला ठेवली. मग डाव्या हाताने आपला मेलेला उजवा हात मनगटाशी धरला आणि दोन्ही हात मिळून छातीपर्यंत उचलले. "वर," तो हळू म्हणाला.

वरच होतं. चौकट बोल्टावर लोंबकळून अडकली होती. ती जरा उचलल्याशिवाय बोल्ट मोकळा होणार नव्हता. आंटींनी जॅक दोनदा दाबला आणि बोल्ट माझ्या हातात असा आला जसा काही कधी अडकलाच नव्हता.

मग चौकट खाली घ्यायला सुरुवात केली. आंटी अगदी बेताने जॅक सोडत होत्या. अर्ध्यावर आल्यावर डब्याचं जड तोंड पुढे झुकलं आणि सगळी चौकट माझ्या बाजूला कलंडली. मी दोन्ही हात पुढे केले. स्वयंपाकघरात ओट्यावरून पातेलं घसरलं तर आपण करतो तसे.

"सोड!"

मी सोडलं. या वेळी उलटा अर्थ लावायला वेळच नव्हता. हात झटक्याने मागे घेतले, खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं, आणि चौकट जॅकवरून घसरून फरशीवर आदळली, माझे हात होते बरोबर तिथे. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. आंटींनी छातीवर क्रुसाची खूण केली.

मी तशीच पडून राहिले. वर, जिथे इतका वेळ लोखंड होतं, तिथे आता नुसती पोकळी होती आणि तारेला बांधलेले ब्रेक हलत होते. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. कोणी उठवू नये असं वाटत होतं. नवरा स्टुलावरून कसाबसा उतरला, भिंत धरत धरत फरशीवर बसला आणि चटईच्या कडेला माझं पाऊल धरून राहिला.

थोड्या वेळाने म्हणाला, "चहा."

"म्हणजे काय?"

त्याने विचार केला. "चहाच."

आंटी उठून करायला गेल्या.

पुढचं गॅरेजवाल्याने केलं. भंगारातली चौकट आणि डबा त्याने दोन माणसं लावून चढवला आणि गाडी ढकलत ढकलत आपल्या आवारात नेली. शेड मोकळी झाली, टाकी बसली. ती रात्रंदिवस गळते आणि सोसायटीत त्यावरून भांडणं चालू आहेत. गाडी चालते असं गॅरेजवाला सांगतो. नवऱ्याला चालवता येणार नाही, मला येत नाही. महिन्यातून एकदा मी त्याला लालबागला घेऊन जाते. तो आत बसतो, स्टिअरिंगवर डावा हात ठेवतो. मी बाहेर बाकावर बसते आणि बहुतेक वेळा पेंगते.

माझा हात मात्र खांद्यातून वर होईना. शेवटी त्याच परळच्या हॉस्पिटलात, नवऱ्याच्याच व्यायामाच्या दिवशी, मीही दाखवलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. कसं लागलं, म्हणाली. मी म्हटलं, "गाडीखाली."

ती घाबरलीच. "ॲक्सिडेंट? पोलीस केस झाली का?"

"नाही. मीच गेले होते खाली."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, बहुतेक हा तरी नीट सांगेल म्हणून. तो म्हणाला, "पंखा."

आता आम्हाला दोघांनाही तिथे दोरीचा व्यायाम दिलाय. वर टांगलेल्या कप्पीतून दोरी जाते, एका हाताने ओढली की दुसरा हात वर जातो. शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून आम्ही ओढतो. तो माझ्यापेक्षा चांगलं करतो. माझं मध्येच थांबतं, डोळे मिटतात, आणि मग तिथली बाई येऊन सांगते, आजी, अजून थोडं राहिलंय.