मान पडू द्या

कळंबच्या रस्त्यावर काढणीला आलेल्या कांद्याचा उग्र वास आला, की मला मंचरचा इब्राहिमभाईंचा फोटो स्टुडिओ आठवतो. आवडता फोटोग्राफर कोण, असं कुणी विचारलं तर मी आजही त्यांचंच नाव घेतो. कॅमेरा हातात धरावासा वाटला, तो त्यांच्यामुळंच.

कांदा पिकून पातीच्या माना पडल्याशिवाय आमच्याकडं तो काढत नाहीत. इब्राहिमभाई फोटोही तसाच काढायचे. समोरचा माणूस अवघडून बसला की म्हणायचे, "थांबा भाऊ, मान पडू द्या."

मी लहान असताना एकदा वडिलांबरोबर तिथं गेलो, तेव्हा ते खुर्चीत खांबासारखे ताठ बसले होते. बाजारात आमच्या कांद्याचा लिलाव सुरू व्हायचा होता. "लई वेळ व्हतोय, काढा की राव!" ते खेकसले. इब्राहिमभाईंनी बटण दाबलं, कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकलं आणि ते म्हणाले, "कच्चाच काढायला लावलात, पावणं."

यावर वडील मान सैल सोडून खळखळून हसले.

भिंतीवर आज तो ताठ फोटो आहे. त्यांचा दुसरा फोटो नाही. ते हसू कसं होतं हे आठवायला मी डोळे मिटतो, तर तिथंही ते काळं फडकंच दिसतं.