मी बसलो ती जागा

आसामात तेल शोधणाऱ्या टोळीत मी नेमकं काय करतो, हे पारनेरकडच्या आमच्या गावात एकाला जरी नीट समजावता आलं असेल तर शपथ. आम्ही जमिनीत सुरुंग उडवायचो. हादरा खालच्या खडकांवर आपटून वर यायचा आणि यंत्र त्याच्या रेघा कागदावर उमटवायचं. रेघांवरून थरांचा आकार कळे, तेल दिसत नसे. म्हणून साहेब साठ्याचे तीन भाग पाडत: खात्रीचा, बहुधा असेल असा, आणि असला तर असेल असा. खात्रीचा फक्त तिथं, जिथं विहिरीतून तेल हाती लागलेलं असे.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर रजेवर आलो, तर थोरला भाऊ दारातच म्हणाला, "तू तेल सांगतुस, मग पानी सांगायला काय झालं?" वहिनी लांबच्या ओढ्यावरून हंडे वाहायच्या. त्यांच्यासाठी रानात विहीर पाडायची होती.

यंत्राशिवाय सांगता येत नाही, म्हणालो. दुसऱ्या दिवशी दादानं विहिरी फोडणारी माणसं बोलावून रानात ठिकठिकाणी सुरुंग उडवले आणि म्हणाला, "आता ऐक." काय ऐकू, कपाळ! घसा बसेपर्यंत ते तीन भाग समजावले.

"म्हंजी हीर खनल्यावरच तू खात्रीनं सांगनार?"

"हो."

"मग ते आमी बी सांगू की!"

माझं डोकंच फिरलं. तरातरा जाऊन रानातल्या बाभळीखाली बसलो.

पुढच्या रजेला आलो तर बाभळ गायब. तिथं दोन पुरुष उंचीइतका खोल खड्डा, तळाशी काळा फत्तर, पाण्याचा थेंब नाही.

"तू तोंडानं सांगत न्हवतास," दादा म्हणाला, "पर बसलास कुठं ते आमी बघितलं."

"अरे, सावली होती म्हणून बसलो!" मी ओरडलो. कुणाला पटेना. हातात नारळ घेऊन पाणी शोधत फिरणारा पाणाड्या जिथं थांबतो तिथं दगड ठेवायची आमच्याकडची रीत. मी उठल्यावर माझ्याही जागेवर त्यांनी दगड ठेवला होता.

तेवढ्यात वहिनी ओढ्यावरून आल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हंडे उतरवले, चुंबळ झटकली आणि सगळ्या रानावरून नजर फिरवली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आता जरा दुसरीकडं बसून बघा."

दिवस मावळेपर्यंत मी त्या रानात उभाच होतो.